बांध शाबूत आहे

आमच्या येसाजीला विधानसभेत माफी मागावी लागली, हे अलिबागपासून रेवसपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कशापायी मागितली ते मात्र कुणी सांगत नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि त्यांतले बरेचसे आता स्मशानात गेले. मी उरले आहे. मी त्याची थोरली भावजय, काशी. नवऱ्यापायी मुंबईला जाऊन-येऊन माझी बोली सुधारली असं गाव म्हणतं. डोकं मात्र होतं तसंच तापट राहिलं. खोटं ऐकलं की ते उठतं, म्हणून सांगायला बसले.

येसाजी माझा धाकटा दीर. शेतकरीच, पण वाद घालायची खोड जन्माची. आमटीत मीठ कमी पडलं तरी विचारायचा, "याला जबाबदार कोन?" मी म्हणायचे, "भावजी, जबाबदार मी. आता गिळा." आणि एक खोड त्याहून वाईट. चूक झाली तरी माफी मागायचा नाही. लहानपणी सासूबाईंची ताकाची रवी मोडली. सासूबाई म्हणाल्या, चुकलो म्हण आणि जेवायला बस. हा तुळशीपाशी उभा राहिला तो दिवस मावळेपर्यंत. शेवटी सासूबाईंनीच रडत भरवलं. असा हेकट.

सत्तावनच्या निवडणुकीत विरोधी पक्षाला आमच्या भागात उभं करायला माणूस मिळेना. समोर बडा वकील, गाड्या, पैसा. येसाजीला म्हणाले, तू राहतोस का? हा राहिला. गावोगाव पायी फिरला आणि निवडून आला. आम्हीच तोंडात बोटं घातली. मग रेवसहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि धोतर झटकत कौन्सिल हॉलात जाऊन बसायचं, असं त्याचं सुरू झालं. तिथं प्रश्न विचारायचा. आमच्या खाडीवरच्या धक्क्याला पायऱ्या का नाहीत, बाळंतिणीनं चिखलातून बोटीत कसं चढायचं? दवाखाना बांधला, डॉक्टर कुठं आहे? एस.टी. पावसाळ्यात येत नाही आणि उन्हाळ्यात बिघडते, मग चालते कधी? मंत्री उठून सांगायचे, माहिती मागवली आहे. सुट्टीला घरी आला की ओटीवर उभा राहून नक्कल करायचा, "माहिती मागवली हाय," आणि सगळा पाडा हसून लोळायचा. पण धक्क्याला पायऱ्या झाल्या बरं का. त्या त्याच्या तोंडामुळं झाल्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आता बांधाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं खारपिंपळे खाडीला लागून. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधे मातीचा बांध. बांध आहे म्हणून गाव आहे. शेतांच्या टोकाला तळं, सगळं गाव त्याचंच पाणी पितं. विहीर खणली तर खारट लागते, म्हणून तळं ते एकच. भरतीच्या पाण्यानं बांधाला भगदाड पाडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो. आणि बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांची जूट, तिला म्हणतात जोळ. खांड दिसली की जोळाचा म्होरक्या बांधावर उभा राहून हाळी द्यायचा. हाळी ऐकली की घरटी एक माणूस उठलाच पाहिजे. जेवता माणूस ताटावरून उठतो. खांड बुजेपर्यंत गावात चूल पेटत नाही. आणि जो हाळी देईल त्यानं पहिलं पाण्यात उतरायचं. माझा नवरा भिकू हळद लागल्या अंगानं खांडीत उतरला होता. लग्नाला उभा राहिला तेव्हा हळद कुठली आणि चिखल कुठला, मला ओळखू आलं नाही.

स्वराज्य आलं, मागून कायदा आला. बांध सरकारच्या ताब्यात गेले. सरकार दगड लावून पक्के करणार, असं सांगितलं. आम्ही खूश. मग एक लोखंडी फलक आला: सरकारी बांध, विनापरवाना हात लावील त्याच्यावर खटला. दगड काही आला नाही. शेजारच्या गावानं आपली खांड आपण बुजवली तर खरोखरच खटले भरले. माझ्या माहेरचा तुळशीराम त्यात सापडला. ऐन पेरणीत अलिबागच्या कोर्टात खेटे घातले, कोठडीत राहिला आणि खोकला घेऊन आला. तो खोकला त्याला घेऊनच गेला. दोन पोरं मागं. आपल्याच शेतात समुद्र येऊ नये म्हणून चिखल लावला, एवढा त्याचा गुन्हा.

तेव्हापासून आमचं गाव गुपचूप बांध बुजवायचं. कुणी बघितलं नाही, कुणी केलं नाही. मग सावकाश साहेब यायचा, बांधावरून चालायचा आणि लिहायचा: बांध शाबूत आहे. शाबूत असेल तर दगड कशाला पाठवतील? झालं, पुढच्या वर्षी पुन्हा खांड. येसाजीनं विधानसभेत विचारलं की तेच वाक्य तोंडावर मारायचे. ते वाक्य त्याच्या पोटात सलत होतं.

शिमग्याच्या पुनवेला उधाण आलं आणि उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, खांड पडली. बैल आडवा उभा राहील एवढी. येसाजी सणाला घरीच होता. जोळाचा म्होरक्या अंबाजीबाबा हाळी द्यायला बांधावर चढला, तर येसाजीनं त्याचा हात धरला.

"बाबा, थांबा. या वक्ताला बुजवायची न्हाय."

अंबाजीबाबा म्हणाला, "डोकं फिरलं का तुजं?"

"आपन बुजवतो आनि साहेब लिवतो शाबूत. या वक्ताला त्याला खांड दाखवायची. मी सभेत मंत्र्याकडनं शब्द घेतो. साहेब येऊन डोल्यांनी बघंल, मग दगड येतील. पोराबालांचा घोर मिटंल."

"आनि तोवर पानी?"

"आता भांग लागंल. भांगात पानी चढत न्हाय. तवर साहेब येतो."

पुनव-अवसेला उधाण, मधल्या दिवसांत भांग, तेव्हा भरती दमानं येते. खांड बुजवायची ती भांगातच, हे आमच्याकडं पोरालाही कळतं. म्हणजे येसाजी बुजवायचेच दिवस साहेबासाठी राखून ठेवा म्हणत होता. मी तिथंच म्हटलं, "भावजी, सरकारी काम आणि सहा महिने थांब. तुमचा साहेब आला नाही तर?" तो माझ्याकडं बघून म्हणाला, "वयनी, मी आमदार हाय." मला मनातून पटलं नव्हतं.

बांधाच्या तोंडाला देवाची शिळा आहे. तिच्यावर हात ठेवून अंबाजीबाबानं शब्द दिला: येसाजी सांगेपर्यंत जोळाची हाळी होणार नाही. आमच्याकडं असा शब्द मोडत नाहीत. ज्यानं घेतला त्यानंच तो परत करायचा.

येसाजी मुंबईला गेला. तिथं उभा राहून गर्जला, आणि खरंच मंत्र्यांनी शब्द दिला की इंजिनियर आठवड्याच्या आत जागेवर जाऊन पाहणी करील. पेपरात छापून आलं. आमच्या गावाचं नाव पेपरात, म्हणून शाळामास्तरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बायका बांधावर जाऊन खांडीकडं अशा बघायच्या, जणू पाहुणा येणार म्हणून घर उघडं ठेवलंय.

आणि पाहुणा येईना.

भांग लागला, भांग सरला. कुणी आलं नाही. रोज सकाळी मी आणि शेजारची मनुबाई हंडा घेऊन तळ्यावर जायचो, आधी खाडीकडं बघायचो आणि मगच हंडा बुडवायचो. अवस जवळ येऊ लागली तशी भरती खांडीतून आत घुसायला लागली. काल ज्या ढेकळापाशी थांबलं होतं ते ढेकूळ आज दिसायचं नाही. जमीन पांढरी पडायला लागली. पायाखाली कुरकुरायची. खांडीच्या कडा रोज थोड्या थोड्या ढासळत होत्या. दुष्काळात तेरावा महिना, अशी आमची गत. पाऊस पडायला अजून अख्खा उन्हाळा जायचा होता, आणि तळ्यात एकदा खारं शिरलं की पोरांना पाजायचं काय?

बायकांनी अंबाजीबाबाला घेरलं. म्हातारा रडकुंडीला आला. "मी शब्द दिलाय ग बायांनो. देवापुडं दिलाय." मनुबाई तापली, "देव पानी पितो का तल्याचं? आमी पितो." तरी म्हातारा हलला नाही. आणि त्याच्याशिवाय गाव हलत नव्हतं, कारण हाळीशिवाय बांधावर उतरायची रीतच नाही. रीत चांगली असते, पण तिचं ओझं कधी कधी असं मानेवर बसतं.

तेवढ्यात निरोप आला की साहेब पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. आता बघा, पाडव्याच्या आदल्या दिवशी अवस. उधाण दुपारी भरणार अवसेला, आणि साहेब येणार ते सगळं बुडल्यावर. मी मनुबाईला म्हटलं, "बाय, पोरं बघ माझी." आणि लाँच पकडली.

मुंबईचं पाणी मला सोसत नाही, म्हणून जाताना मी फिरकीचा तांब्या भरून तळ्याचं पाणी नेते. नवरा गोदीत कामाला, तो भाऊच्या धक्क्यावर आला आणि आम्ही दोघं आमदारांच्या वसतिगृहात गेलो. येसाजी खाटेवर कागद पसरून बसला होता. डोळे खोल गेलेले. मला बघून उठला.

मी म्हटलं, "भावजी, हाळी सोडा."

त्यानं खाटेवरचा एक कागद पुढं केला. म्हणाला, "साहेबाचा दौरा पक्का झालाय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. सरकारी हुकूम निगालाय, वयनी. एवडा जवल आलाय दगड. खांड बुजवली तर तो बघनार काय?"

"आणि उद्याच्या अवसेला तळ्यात खारं गेलं तर तो बघणार काय?"

"कदाचित जानार न्हाय. वारा पडलेला आसंल तर—"

"कदाचित," मी म्हटलं. "हा शब्द मंत्री बोलतो, भावजी. तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?"

नवऱ्यानं माझा हात दाबला. येसाजीचा चेहरा उतरला. खाली बसून म्हणाला, "मी भरसभेत सांगितलंय, खांड पडलीय. सगल्या महाराष्ट्राच्या आमदारांसमोर. उद्या ती दिसली न्हाय तर मला खोटारडा म्हनतील. मग धक्का, दवाखाना, काय बी इचारलं तरी म्हनतील, हा तोच. माजं तोंड बंद झालं तर तुमच्यासाटी बोलनार कोन?"

ते खोटं नव्हतं. म्हणून मला जास्त राग आला. मी तांब्याची फिरकी काढली आणि तो त्याच्यापुढं धरला. "प्या. पुढच्या वेळी खारट असेल." तो प्यायला. एक घोट घेऊन तांब्या हातातच धरून बसला. मी तो काढून घेतला आणि परतीची लाँच गाठली. वाटेत नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

अवसेच्या दिवशी पहाटे ओहोटी होती. उजाडताच मी हंडे, कळश्या, घंगाळं, होतं नव्हतं ते घेऊन तळ्यावर गेले. निदान जेवढं भरता येईल तेवढं गोडं पाणी भरून ठेवावं, एवढंच डोक्यात. सगळ्या बायका तेच करत होत्या. तळ्यात नुसता भांड्यांचा डुबुक डुबुक आवाज.

आणि बांधावरून हाळी आली. "खांड पडली हो, खांड..."

अंबाजीबाबाचा आवाज नव्हता तो. आम्ही माना वर केल्या. बांधावर येसाजी उभा. एका कोळ्याच्या मचव्यात बसून तो रेवसला उतरला होता आणि तिथून चालत आला होता. अंगात सभेत घालायचा सदरा. त्याच्या शेजारी अंबाजीबाबा डोळे पुसत उभा. येसाजीनं आमच्या देखत टोपी काढून शिळेवर ठेवली आणि धोतर खोचून पहिला खांडीत उतरला.

गाव कसं धावलं म्हणून सांगू. कुणी घरातून घमेलं आणलं, कुणी पेंढ्याचे भारे, कुणी कुंपणाच्या काटेरी डहाळ्या. ज्यांच्या चुली पेटल्या होत्या त्यांनी पाणी ओतून विझवल्या. बांबूचे खुंट ठोकले, मधे पेंढा आणि डहाळ्या दाबल्या, आणि खाडीकाठच्या खाजणातला चिखल कापून हातोहात त्यावर जायला लागला. बाप्ये पाण्यात, बायका रांगेत. माझ्यापुढं मनुबाई, मागं केसर, तुळशीरामाची विधवा. ती आमच्या गावची लेक, माहेरी आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ज्या कामानं नवरा गेला त्या कामाला ती उभी राहिली. मी म्हटलं, "तू घरी जा." ती म्हणाली, "चिखल द्या, काकी." मी दिला.

ऊन चढलं आणि पाणी फिरलं. भरती लागली. आधी ओल, मग धार, मग लाटा. अर्धी खांड अजून उघडी होती. जुना चिखल वाहून जायचा, आम्ही नवा टाकायचो. एका लाटेनं दोन खुंट उपटले आणि येसाजी आणि अंबाजीबाबाचा मुलगा अनंता, दोघांनी त्या जागी अंग आडवं घातलं. पाठीमागं आम्ही पेंढा कोंबत होतो. मला वाटलं, गेले दोघं. मी ओरडले, "भावजी, बाहेर या." तो म्हणाला, "चिखल आन, वयनी, बोलू नको." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला गप्प केलं आणि मी झाले. पाणी त्याच्या गळ्याशी आलं. मग हनुवटीशी. मी तळ्याकडं बघायचं सोडून दिलं होतं, बघण्यात अर्थच नव्हता. हात नुसते चालत होते.

दुपारी पाणी चढायचं थांबलं. बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिलं, थरथरत उभं राहिलं आणि हळूहळू उतरायला लागलं. नवा चिखल धरून होता. कुणी आनंदानं ओरडलं नाही. बायका होत्या तिथंच बसल्या. केसर माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मीही रडले. मग मनुबाई तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि लांबून हात हलवला. गोड होतं.

येसाजीनं शिळेवरची टोपी घेतली, घातली नाही. म्हणाला, "आता परवा साहेब येईल. कोनी कायबी बोलायचं न्हाय. कोनी बुजवली, कधी बुजवली, कोनाला म्हाईत न्हाय. तुलशीराम एकदा झाला, पुन्यांदा व्हायचा न्हाय."

साहेब आला. तरुण होता, दिसायला बरा. ओला चिखल त्याला दिसला नाही असं कसं होईल, त्याच्या बुटाला लागला होता. त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?" सगळं गाव आभाळाकडं बघत होतं. येसाजी म्हणाला, "मी केलं. लिवा." साहेब त्याच्याकडं बघत राहिला, आणि खरं सांगते, त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "एकट्यानं? येसाजीराव, मी गावानं बुजवली असं लिहिलं तर पोलीस येऊन बाकीची नावं विचारतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही. नाहीतर खांड नव्हतीच असं लिहावं लागेल." येसाजीनं मागं वळून बघितलं. अनंता होता, केसर होती, मनुबाई होती. मग म्हणाला, "तसं लिवा."

पुढच्या आठवड्यात सभेत बांधाचा विषय निघणार, हे नवऱ्यानं कळवलं. येसाजी नको म्हणत होता, तरी मी गेले. आमच्या एका ओळखीच्या आमदारानं पास दिला आणि मी वर गॅलरीत बसले. काय ती सभा. लाकडी बाकं, गरगर फिरणारे पंखे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. खाली आमचा येसाजी, धुतलेल्या सदऱ्यात. त्याच्या हातावर काट्यांचे ओरखडे वरून मला दिसत होते. माझ्या नखांत तर अजून चिखल होता, कितीही घासला तरी निघत नव्हता.

मंत्री उठले आणि साहेबाचं लिहिलेलं वाचलं. "बांध शाबूत आहे." बाकांवर हसू पसरलं. मग मंत्री म्हणाले, "अध्यक्षमहाराज, सन्माननीय सभासदांनी सभागृहाला सांगितलं की मोठी खांड पडली आहे. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर खांड नव्हतीच. किंवा कुणीतरी कायदा मोडून सरकारी बांधाला हात लावला आहे. तसं असेल तर सन्माननीय सभासदांनी नावं द्यावीत, सरकार योग्य ती कारवाई करील. यांतलं खरं कुठलं, ते त्यांनीच सांगावं."

शहाणा माणूस. माशाला दोन्हीकडून जाळं लावलं होतं त्यानं.

येसाजी उठला. मला माहीत होतं, त्याला बोलता येतं. तो बोलला असता तर ते छप्पर उडालं असतं. त्याच्या गळ्याशी पाणी आलं होतं, त्यानं अंग आडवं घातलं होतं, हे सगळं त्याच्या तोंडात होतं. मी मनात म्हणत होते, बोला भावजी, सांगा ह्यांना. आणि त्याच वेळी मला केसर दिसत होती आणि मी म्हणत होते, नका बोलू. त्यानं वर गॅलरीत बघितलं. मला शोधलं. मी काय खूण करणार? नुसती बघत राहिले.

तो म्हणाला, "अध्यक्षमहाराज, बांध शाबूत आहे. खांड नव्हती. मी सभागृहाला चुकीची माहिती दिली. मी माफी मागतो."

खाली हशा झाला. कुणीतरी बाक वाजवला. विरोधी बाकांवरची त्याची माणसंसुद्धा माना खाली घालून बसली. मी उठून उभी राहिले, ओरडणार होते, हसणाऱ्या एकेकाचं नाव घेऊन ओरडणार होते. गॅलरीतला शिपाई म्हणाला, "बाई, खाली बसा, इथं बोलायची परवानगी नाही." आणि मी बसले. दातांत पदर धरून बसले. ताकाच्या रवीसाठी ज्यानं माफी मागितली नाही, तो खाली उभा होता, आणि हसू संपेपर्यंत उभाच राहिला.

ती माफी सभेच्या पुस्तकात छापली गेली. बासष्टच्या निवडणुकीत वकिलाच्या माणसांनी तिचे कागद काढून गावोगाव वाटले, खोटं बोलणारा आमदार म्हणून, आणि येसाजी पडला. आमच्या गावातलं एकूण एक मत त्याला होतं. बाकीच्यांना काय दोष द्यायचा, त्यांना आम्ही कधी सांगितलंच नाही. दगड त्याच्या हयातीत आला नाही. अंबाजीबाबा गेल्यावर जोळाची हाळी येसाजी द्यायचा आणि पहिला उतरायचा, केस पांढरे होईपर्यंत.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी सभा सुटल्यावर तो बाहेर आला तेव्हा मी आणि नवरा झाडाखाली थांबलो होतो. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. एरवी आमदार त्याच्याभोवती घोळका करून चालायचे. तो जवळ आला. सांत्वन मला कधी जमलंच नाही. मी पिशवीतून तांब्या काढला, फिरकी उघडली आणि पुढं केला.

त्यानं तांब्याकडं बघितलं. "तल्याचं?"

"दुसरं कुठलं?"

तो तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि मान वर करून सगळा तांब्या प्यायला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, त्यानं पुसलं नाही. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "गोड हाय, वयनी," म्हणाला. मग आम्ही तिघं लाँच गाठायला भाऊच्या धक्क्याकडं चालत निघालो.